कोचची मुलगी बाकावर

आमच्या टॅनरी फॉल्समध्ये कुणाला कामाला जुंपायचं असेल तर त्याला विचारत नाहीत, त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. एकदा टाळ्या पडल्या की माणूस गेला. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या उत्तर टोकाला हिवाळा लांब, माणसं मोजकी, आणि ज्याचं मन आज मोडाल त्याच्याकडेच उद्या ट्रक बर्फातून ओढून काढायला दोर मागायला जावं लागतं. त्यामुळे तोंडावर 'नाही' म्हणायची रीतच इथे पडली नाही. वेंडल हॅफोर्ड या रीतीला बळी पडला तो एका कॉफीच्या कपापायी.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. शेतातले बटाटे निघून वखारीत पडले होते आणि वखारीवर काम करणाऱ्या वेंडलला जरा श्वास घ्यायला फुरसत होती. शाळेच्या जेवणघरात लहान मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या पालकांची सभा भरली होती. गावातल्या मुलांच्या खेळांचं सगळं बघणारी ग्लेनिस मिशो पुढे उभी राहून विचारत होती, "मग मंडळी, यंदा कोच कोण?" मंडळी आपापल्या बुटांकडे बघत होती. वेंडलचं लक्षच नव्हतं. त्याची कॉफी संपली होती, म्हणून कप टाकायला तो उठला. आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वेंडल! मला वाटलंच होतं, तूच उभा राहणार!" ग्लेनिस म्हणाली.

"नाही, मी कप टाकायला..."

"टाक की. कप टाक आणि इकडे ये, तुला शिट्टी देते."

घरी आल्यावर बायको डोरीन पोट धरधरून हसली. "बाबा रे, तू शाळेत असताना तरी कधी खेळला होतास का?"

"एक वर्ष," वेंडल म्हणाला. "तेही पाणी द्यायला."

पण आठ वर्षांची कॅली, त्यांची एकुलती एक, खुर्चीवर चढून ओरडली, "माझा बाबा कोच!" आणि वेंडलला वाटलं, ठीक आहे. नाहीतरी वखारीतून दमून आल्यावर पोरीशी बोलायला विषय सुचत नाही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तिच्याबरोबर जातील, वाईट काय आहे?

वाईट काही नव्हतंच, पहिले काही आठवडे. त्यानं मनापासून शिकून घेतलं आणि शिकवलं. गॅरेजच्या दारावर जाळी ठोकली, तिथे बापलेकी अंधार पडेपर्यंत चेंडू आपटत बसायची. आणि कॅलीच्या हाताला खरंच जादू होती. बाकीच्या मुली चेंडू अंगावर आला की डोळे मिटायच्या. ही डोळे उघडे ठेवून पुढे जायची.

मग तो सामना झाला. कॅलीनं लागोपाठ तीन वेळा चेंडू जाळीत घातला. पायऱ्यांवर बसलेल्या मर्ना थिबोडोनं, जिची जोलीन याच संघात होती, तोंडातला हॉट डॉग गिळून मोठ्यांदा म्हटलं, "बापाच्या गळ्यात शिट्टी असली की पोरीला बाकावर बसावंच लागत नाही, नाही का!"

आजूबाजूचे हसले. वेंडलही हसला. मर्नाच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला असं काहीतरी बोलल्याशिवाय जेवण जात नाही, एवढंच. पण ते वाक्य वेंडलच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं ते अडकलंच.

आमच्याकडे नियम असा की सामन्याचे चार भाग, आणि प्रत्येक मुलीला निदान दोन भाग खेळायला मिळालेच पाहिजेत. त्या पुढच्या सामन्यात कॅली बरोबर दोन भाग खेळली. त्याच्या पुढच्याही. नंतर तो शिरस्ताच पडला. कुणाला तीन भाग मिळायचे, कुणाला चार. कोचच्या मुलीला दोन. संघ हरत असला तरी दोनच, आणि तेही सुरुवातीचे, म्हणजे शेवटच्या घाईगर्दीत ती मैदानात दिसायलाच नको. लोक म्हणू लागले, वेंडलसारखा सरळ माणूस नाही, स्वतःच्या पोरीलाही झुकतं माप देत नाही. खोटं कशाला सांगा, वेंडलला ते ऐकायला आवडायला लागलं.

गाडीतून घरी जाताना कॅली विचारायची.

"बाबा, आज शेवटी मला का नाही उतरवलंस?"

"जोलीनची पाळी होती."

"जोलीन आपल्याच जाळीकडे पळत होती!"

"मग? तिला सराव नको?"

"आणि मला?"

यावर तो गाडीचा हीटर वाढवायचा. पहिली दोन वर्षं ती विचारत राहिली. तिसऱ्या वर्षापासून तिनं विचारणं सोडलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. त्याला वाटलं, पोरगी समजूतदार झाली.

डोरीनला तसं वाटत नव्हतं. एकदा भांडी घासता घासता ती म्हणाली, "तू गावाचा कोच आहेस, कबूल. तिचा बाप कोण आहे, ते एकदा ठरवून टाक."

"लोक काय म्हणतील, डोरीन?"

"लोक काय म्हणायचंय ते म्हणून घरी जातात. ती आपल्याच घरी येते."

हे त्याला पटलं. पटलं म्हणूनच तो ग्लेनिसकडे कोचपण सोडतो म्हणून सांगायला गेला. तिनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅकरोनी-चीजचं भलंमोठं भांडं आणि छातीवर 'कोच' असं शिवलेलं निळं जाकीट घेऊन दारात उभी राहिली. भांडं रिकामं करून परत करायचं असतं, आणि जाकीट तर अंगातच घालायचं असतं. पुढच्या वर्षी त्यानं वेगळी युक्ती केली, सभेला गेलाच नाही. पण गैरहजर माणूस निवडायला आणखी सोपा. त्याला उठून उभंही राहावं लागत नाही. तोवर गावात त्याचं खरं नावही मागे पडलं होतं. हार्डवेअरच्या दुकानात, चर्चच्या जेवणात, दवाखान्यातही सगळे त्याला 'कोच' म्हणायचे. पोरींच्या आया भेटल्या की हात हातात घेऊन म्हणायच्या, "तू नसतास तर संघच नसता." हे मात्र खरं होतं. दुसरं कुणी तयार नव्हतं. कोच नाही तर संघ नाही, आणि संघ नाही तर नऊ मुली अख्खा हिवाळा घरात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली.

गेल्या पानगळीत, एका शनिवारी बीन्सचं जेवण चालू असताना, तेरा वर्षांच्या कॅलीनं काटा खाली ठेवला. "मला यंदा लॅम्बर्टकडून खेळायचंय."

लॅम्बर्ट म्हणजे अर्ध्या तासावरचं शेजारचं गाव. आईवडिलांची हरकत नसली तर असं खेळता येतं. वेंडलला आधी हसू आलं. "का गं? त्यांचे हिरवे कपडे आवडले?"

"तिथे तू नाहीस."

ती रागानं बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. डोरीननं नवऱ्याकडे बघितलंच नाही. ती एवढंच म्हणाली, "मी नेईन-आणीन तिला." म्हणजे मायलेकींचं आधीच ठरलं होतं. वेंडल हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? आणि खरं सांगायचं तर त्या दुखण्याच्या खाली एक छोटासा आनंदही होता: आता तरी सुटलो.

तो दुसऱ्याच दिवशी ग्लेनिसकडे गेला. "आता माझी मुलगीच संघात नाही. मी कुठला पालक-कोच?"

ग्लेनिसचा चेहरा उजळला. "अरे, मग तर सोन्याहून पिवळं! आता कोण बोट ठेवणार तुझ्यावर?"

"ग्लेनिस, मी..."

"मर्ना परवाच म्हणत होती, वेंडलइतका निःस्वार्थी माणूस नाही. थांब, तिला फोनच करते."

नाही हा शब्द त्याच्या जिभेवर होता. शपथेवर सांगतो, होता. ग्लेनिस फोनवर मर्नाला सांगत होती, तिकडून मर्ना आनंदानं काहीतरी ओरडत होती, आणि वेंडल टोपी हातात धरून उभा होता. फोन संपेपर्यंत तो शब्द गिळला गेला. बाहेर येऊन त्यानं ट्रक सुरू केला. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या तो पाच वर्षं भाजत होता, पण आतापर्यंत त्या लष्करात निदान आपलं माणूस तरी होतं.

तो हिवाळा असा गेला की आठवड्यातल्या त्या दोन संध्याकाळी वेंडल इथे लोकांच्या मुलींना पाय कसे टाकावे ते शिकवायचा आणि त्याची मुलगी तिकडे लॅम्बर्टच्या मैदानावर पळायची. सामनेही नेमके एकाच दिवशी, एकाच वेळी. घरी आला की झाकून ठेवलेलं ताट आणि रिकामं स्वयंपाकघर. पोरीचा खेळ त्याला कळायचा तो पेट्रोल भरताना. "कोच, तुझ्या पोरीनं काल धुव्वा उडवला म्हणे!" तो म्हणायचा, "हो ना," जणू काही स्वतः बघून आलाय.

फेब्रुवारीत स्पर्धा आली, आणि टॅनरी फॉल्सची गाठ लॅम्बर्टशी पडली, आमच्याच शाळेत. अख्खं गाव पायऱ्यांवर. हिरव्या कपड्यांतली कॅली मैदानात आली, तिनं बापाकडे बघून मान हलवली आणि कामाला लागली.

वेंडलनं आपल्या मुलीला पूर्ण सामना खेळताना आयुष्यात प्रथमच पाहिलं. पहिला भाग, दुसरा, तिसरा, ती बसायचं नावच घेत नव्हती. चेंडू तिच्या हातात आला की बाकीच्या मुली आपोआप आपापल्या जागी जायच्या, घरातली थोरली आली की धाकटी जातात तशा. एकदा ती तिघींमधून वाट काढून गेली तेव्हा वेंडलच्या तोंडून "शाबास!" निघालं, त्याचा त्यानं पटकन खोकला केला. त्याचे डोळे भरून आले होते आणि अंगात निळं जाकीट होतं.

मागून मर्नानं त्याच्या खांद्याला ढोसलं. "अरे वेंडल, ही असली पोरगी तू इतकी वर्षं बाकावर बसवलीस? डोकं फिरलं होतं का तुझं?"

त्यानं वळून तिच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा नव्हता. तिला खरंच काही आठवत नव्हतं. ती ते बोलली आणि त्याच दिवशी विसरली असणार. सांभाळून ठेवलं ते एकट्या वेंडलनं.

शेवटची काही सेकंदं उरली. टॅनरी फॉल्स एका गुणानं पुढे, चेंडू लॅम्बर्टचा. खेळ थांबवून वेंडलनं मुलींना जवळ बोलावलं. आठ घामेजलेली तोंडं त्याच्याकडे वर बघत होती. कॅलीला अडवायचं काम जोलीनवर होतं. तीच जोलीन, आता उंच झालेली, पाच वर्षांत एकही सराव न चुकवलेली. "कोच," ती धापा टाकत म्हणाली, "चेंडू तिलाच देणार ते. ती कुठून येईल?"

आता हे त्या अख्ख्या इमारतीत एकट्या वेंडलला ठाऊक होतं. घाईच्या वेळी कॅली डावीकडे जाते. गॅरेजच्या दारापुढे त्यानं ते हजार वेळा पाहिलं होतं. न सांगावं, तर या आठ जणींशी बेइमानी, आणि वर गाव म्हणणार की बापानं वाट मोकळी ठेवली. सांगावं, तर आपल्याच पोरीच्या पायात पाय. जोलीन वाट बघत होती. पंचानं शिट्टी तोंडाकडे नेली.

"डावीकडून," वेंडल म्हणाला. "ती नेहमी डावीकडून जाते. आधीच तिथे जाऊन उभी राहा."

बोलून झालं आणि त्याला स्वतःची किळस आली.

चेंडू कॅलीकडे आला. जोलीन डावी बाजू अडवून भिंतीसारखी उभी होती. कॅलीनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. ती उजवीकडून गेली, सरळ, मोकळ्या वाटेनं, आणि चेंडू जाळीत पडला. भोंगा वाजला. लॅम्बर्ट एका गुणानं जिंकलं.

सामना संपला की दोन्ही संघ समोरासमोरून रांगेनं चालत जातात, हातावर हात मारतात, 'छान खेळलीस' म्हणतात. जिंको की हरो, रांग मोडायची नाही, हे आम्ही मुलांना चालायला लागल्यापासून शिकवतो. कोच सगळ्यात शेवटी असतो. वेंडल हिरव्या मुलींच्या हातांवर हात मारत पुढे सरकत होता. "छान खेळलीस. छान खेळलीस." मग समोर कॅली आली.

"तू उजवीकडून कधीपासून जायला लागलीस?" त्यानं विचारलं.

"या आठवड्यापासून. आपला सामना ठरला तेव्हापासून रोज तेवढंच केलं."

"का गं?"

"मला माहीत होतं, तू त्यांना डावीकडचं सांगशील." तिच्या आवाजात राग नव्हता. उद्या बर्फ पडणार आहे म्हणावं, तसं ती म्हणाली. "सांगितलंस ना?"

"सांगितलं."

तिनं मान डोलावली, त्याच्या हातावर हात मारला आणि पुढे गेली. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सगळ्यांना म्हणतो ते तिला म्हणायचं राहिलं. तो वळला. पण तिच्या मागची मुलगी हात पुढे करून उभी होती, तिच्या मागे आणखी दोघी होत्या, आणि पायऱ्यांवर गाव बघत होतं.

"छान खेळलीस," वेंडल त्या मुलीला म्हणाला, आणि पुढच्या मुलीसाठी हात वर धरला.