तिसऱ्या मजल्यावरचा ओटला

ठकुबाईंना सगळं अंजूर गाव आक्का म्हणतं. त्यांचं घर आणि नूर मोहम्मदचं घर एकमेकांना लागून, पुढे दोघांत मिळून एक ओटला. दुपारी आक्का त्यावर बसून सुकी मासळी निवडतात. शेजारी नूर मोहम्मदची बायको सफिया तांदूळ निवडते. गावात कोण आलं, कोण गेलं, हे आधी या ओटल्यावर कळतं, घरच्यांना मागाहून.

दोन्ही घरांनी मिळून मागच्या मोकळ्या जागेवर इमारत बांधायचं ठरवलं. खाली गोदामांच्या रस्त्याला तोंड करून दुकानांचे गाळे, वर भाड्याची घरं, तिसऱ्या मजल्यावर हे दोन शेजारी. मागे करंजाचं झाड आणि अंगण. आक्कांचा मुलगा भाविक याला करंज तोडून तिथं टेम्पो लावायचे होते. आर्किटेक्ट रीमाने त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि झाड ठेवलं.

अर्धी जागा आक्कांच्या नावावर होती. त्या म्हणाल्या, "मी बसू कुठं ते आधी दाखवा. मंग सही."

रीमाने नकाशा दाखवला. आक्कांनी तो बराच वेळ पाहिला.

"याच्यात मानूस कुठं हाय?"

रीमाला राग आला नाही. ती म्हणाली, तिसरा मजला जमिनीवर खऱ्या मापाने आखू, त्यात फिरून बघा. आखायला मला बोलावलं. जन्मभर मी पाये खणले. आता कंबर खणू देत नाही, आखतो. दोरी ताणायची आणि तिच्यावर चुन्याची फक्की सोडायची. दोरी ढिली राहिली तर भिंत कायमची वाकडी. दोरीचं दुसरं टोक भर उन्हात रीमाने स्वतः धरलं. म्हणून तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही.

आखून झालं आणि माणसं त्यात राहायलाच लागली. भाविक चपला रेघेबाहेर काढून हॉलमध्ये जायचा. सोफा कुठं येईल हे कळावं म्हणून त्याने तिथं जुनी खाट मांडली. नूर मोहम्मदच्या यंत्रमागाच्या कारखान्यातला माणूस लूमचा निरोप घेऊन सरळ मालकाकडे चालत आला, तर आक्कांनी त्याला माघारी पाठवलं. "भिंतीतून काय येतोस? दार तिकडं हाय."

तो बिचारा रस्त्यापर्यंत गेला आणि दारातून आला.

भांडणही तिथंच झालं. आक्कांना दोन्ही घरांची दारं समोरासमोर हवी होती. सफिया म्हणाली, "आक्का, दार समोर नको. यांच्याकडे दिवसभर कारखान्याची माणसं येतात. दार उघडलं की माझं अख्खं घर दिसतं." हे ती उघड्या माळावर उभी राहून सांगत होती. रस्त्यावरचा ट्रकवाला सुद्धा थांबून ऐकत होता.

रीमाने दारं एकमेकांकडे पाठ करून काढली होती. मध्ये एक बोळ, येण्याजाण्यापुरता. आक्का त्यात बसून पाहायला गेल्या. पाय पसरले तर ते नूर मोहम्मदच्या हॉलमध्ये गेले.

"ओटला पाहिजे तर कुणाच्या तरी हॉलमधून जागा घ्यावी लागेल," रीमा म्हणाली.

"माझ्यातून नाही," नूर मोहम्मद म्हणाला.

"आमच्यातून तर न्हायच," भाविक म्हणाला.

आक्का उठून घरी गेल्या. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी खराटा घेऊन ती जागा झाडायला लागल्या. आम्हाला वाटलं, राग गिळतायत.

मग एका सकाळी भाविकच्या खाटेचे दोन पाय रेघेबाहेर बोळात दिसले. खाट तर कुणी हलवली नव्हती.

आमच्याकडे बांध कोरणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. नांगर धरला की शेजाऱ्याची ओंजळभर माती आपल्यात ओढायची. बापाने ओढली, मुलाने ओढली की एक वाफा होतो. भाविकने नूर मोहम्मदला हाक मारली.

"नूरचाचा, आता बांध कोरता काय?"

"अरे, मी लूमवाला. मला नांगर धरता येतो का? मोज माझा हॉल."

मोजायला अर्थातच मी. नूर मोहम्मदचा हॉल होता तेवढाच होता. भाविकचा हॉल घटला होता आणि बोळ वाढला होता.

"मंग खाल्ली कुनी जागा?"

"मी," आक्का म्हणाल्या. हातात खराटा होता. "रोज थोडी."

"आये, सोताचा बांध कुनी कोरतं काय?"

"दुसऱ्याचा कोरला तर भांडन व्हतं."

मी दोरी लावून पाहिली. आक्कांनी जुनी रेघ झाडून नवी टाकली होती. लग्नात तांदळाच्या पिठाने चौक भरणारा हात, रेघ सरळच होती. खोट काढता आली नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं.

रीमा त्या जागेत आक्कांच्या शेजारी बसली. दोघी बसल्यावर बोळ भरला. "आणि सफियाभाभी?" तिने विचारलं.

नूर मोहम्मद मोबाइल पाहायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्याची रेघही आत सरकलेली होती. सफिया केरसुणी झटकत उभी.

"ये कब हुआ?" नूर मोहम्मदने विचारलं.

"झाडता झाडता."

"आणि माझा सोफा?"

"त्याच्यावर बसायला तुम्ही घरात असता कधी?"

रीमाने तिथंच नकाशा बदलला. दारं तशीच पाठमोरी राहिली, मध्ये ओटला आला, ओटल्याचं तोंड करंजाकडे. आत काय चाललंय ते बाहेरच्याला दिसणार नाही. बाहेर काय चाललंय ते दोघींना सगळं दिसेल. आक्कांनी सही केली. मी पुन्हा सगळं आखलं. एक काम दोनदा करणं मला आवडत नाही, पण दुसऱ्या खेपेची आखणी पहिलीपेक्षा बरी झाली, हे खरं आहे.

पाया खणायच्या दिवशी माणसं फावडी घेऊन आली. आक्का आखलेल्या ओटल्यावर बसून सुका जवळा निवडत होत्या. शेजारी सफिया.

"आक्का, उठा," मी म्हणालो. "खणायचं आहे."

"मंग खन की."

"तुम्ही बसलाय तिथंच खणायचं आहे."

आक्कांनी मान वर केली नाही.

"आमी तिसऱ्या मजल्याव बसलोय. तू खाली खन."

माणसं माझ्याकडे पाहायला लागली. मी त्यांना दुसऱ्या टोकापासून सुरुवात करायला सांगितलं.