रत्नाबाईंनी वाचलेला कागद

हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा, २००७ साली, मी नांदेडहून येऊन जवळच्या नेरे गावात रत्नाबाईंची खोली भाड्यानं घेतली. घराच्या तोंडासमोरच बिल्डरची उंच भिंत होती. डांबरी रस्ता भिंतीपलीकडे दिसायचा, पण तिथं पोचायला ओढ्याच्या कडेनं मोठा वळसा पडायचा. पावसाळ्यात मी चपला हातात घेऊन ऑफिसला निघायचे. ही भिंत कशी आली, ते रत्नाबाईंनी मला हळूहळू, तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं.

त्या माहेरी दहावी पास झालेल्या. गावात त्यांच्या वयाच्या बायकांत एकट्याच. सासरी आलेली पत्रं, सोसायटीच्या नोटिसा त्याच वाचून दाखवायच्या. नवरा नथू चौथी शिकलेला, पण त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट कौतुकानं म्हणायचा, "आमच्या हिला इचारा, तिला समदं कळतं."

मग १९९९ च्या सुमारास टीव्हीवर एक विनोदी मालिका लागली. त्यातली बायको जगातल्या कशाहीबद्दल बोलायला तोंड उघडायची आणि नवरा म्हणायचा, "तू पोहे टाक!" लगेच मागून हसण्याचा आवाज. ती मान उडवून स्वयंपाकघरात जायची. बास, एवढंच. मी तेव्हा नांदेडला शाळेत होते. आमच्या घरी आजोबांपासून सगळे खदखदून हसायचे. आईसुद्धा.

नेऱ्यातही हसायचे. मालिका लागली की शेजारपाजारचे नथूच्या ओटीवर जमायचे. एकदा जेवताना रत्नाबाई खताबद्दल काही सांगू लागल्या, तर नथू म्हणाला, "तू पोहे टाक!" पोरं हसली, दीर हसला. "मी बी हासले," रत्नाबाई मला म्हणाल्या. "चेष्टाच व्हती. आन् खरंच पोहे टाकले."

मग ती सवयच झाली. पाहुण्यांसमोर, चावडीवर, लग्नात. दुसऱ्या घरांतले पुरुषही आपापल्या बायकांना तेच म्हणू लागले. मालिका संपली, तरी वाक्य गावात राहिलं.

२००२ मध्ये रस्त्याकडची जमीन विकायचं ठरलं. घर आणि मागचं भाताचं खाचर तेवढं ठेवायचं होतं. सहीच्या आदल्या दिवशी बिल्डरचा एजंट खरेदीखताचा मसुदा घेऊन आला. ओटीवर पाच-सात माणसं बसली होती. चहा देता देता रत्नाबाईंनी कागद उचलला आणि दारात उभं राहून शेवटपर्यंत वाचला.

"अवो," त्या नथूला म्हणाल्या, "आपल्या घराकडं आन् खाचराकडं यायचा रस्ता ह्यात कुटंच लिवला न्हाई."

एजंटानं वर पाहिलं. नथूनंही पाहिलं. क्षणभर त्याच्या तोंडावर शंका आली, असं रत्नाबाईंना आजही वाटतं. पण चार माणसं बघत होती.

"तू पोहे टाक!"

सगळी ओटी हसली. एजंट सगळ्यांत जास्त.

रत्नाबाईंनी कागद खाली ठेवला, आत जाऊन कांदा चिरला. दुसऱ्या दिवशी सही झाली. दोन वर्षांनी भिंत उभी राहिली. खाचरात ट्रॅक्टर जाईना, बैल कधीच विकलेले. भात बंद झालं, पुढं खाचरही त्याच बिल्डरला द्यावं लागलं.

खाचर देण्याआधी नथू रत्नाबाईंना घेऊन पुण्यात वकिलाकडे गेला होता. वकिलानं कागद चाळून विचारलं, "सहीच्या आधी घरात कुणी वाचलं नव्हतं का हे?"

नथू खाली बघत म्हणाला, "न्हाई साहेब."

रत्नाबाई शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"काकू, तुम्ही का नाही बोललात?" मी विचारलं.

"हासला आसता की वकील."

२००९ मध्ये कुठल्याशा चॅनेलवर ती मालिका दुपारी परत लागली. सुट्टीच्या दिवशी मी दोन भाग पाहिले आणि मला लाज वाटली. "आता असं कुणी दाखवणार नाही," मी म्हणाले. रत्नाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "आता काय दावत्यात मग?" मी आठवून पाहिलं. माझ्या आवडत्या मालिकेत एक कामवाली होती, 'हाय-न्हाई' बोलणारी. ती बोलली की आम्ही मैत्रिणी हसायचो.

त्याच वर्षी त्यांची मुलगी गौतमी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं. दिरानं स्थळ आणलं आणि नथूनं होकार दिला. नथू वाईट माणूस नव्हता. भिंतीनंतर तो फारसं बोलतच नसे, भाऊ म्हणेल ते करायचा. गौतमी दोन दिवस जेवली नाही. मी रत्नाबाईंना म्हणाले, "काकू, तुम्ही सांगा ना त्यांना. ते ऐकतील तुमचं."

"मी काय सांगू? मला काय कळतं त्यातलं?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

पुढच्या वैशाखात लग्न झालं. भिंतीमुळे वऱ्हाडाची गाडी दारापर्यंत येऊ शकली नाही. गौतमी शालू वर धरून ओढ्याच्या वाटेनं चालत गेली, आणि रत्नाबाई तिची पेटी घेऊन मागून.