म्हाताऱ्या जावयाचे धोंडे

भरे गावच्या हैबतरावांना घरात कुणी विचारत नव्हतं. सून चहा द्यायला विसरायची, लेक न सांगताच पेरणी उरकायचा. पण दर तीन वर्षांनी अधिक महिना, म्हणजे आपला धोंड्याचा महिना आला की त्यांची मान ताठ व्हायची. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. सासू पाय धुऊन त्याला पाटावर बसवते, ओवाळते आणि पुरण भरून उकडलेले तेहेतीस धोंडे तुपासकट पुढं ठेवते. हैबतराव साठीला टेकले, तरी माले गावी त्यांच्या सासूबाई, गोजराबाई, होत्या. सासू आहे तोवर हैबतराव जावईच की.

त्या साली मात्र महिना सरत आला तरी सांगावा येईना. हैबतराव रोज दाढी करून ओट्यावर बसत.

बायको रत्नाबाई म्हणाली, "नातवाचं लगीन जवळ आलं, आन् तुमचं जावईपण काय सुटंना."

बोलावल्याशिवाय सासुरवाडीला जायची लाज. आणि न जावं, तर पुढचा धोंडा तीन वर्षांनी. तोवर म्हातारी राहील कशावरून?

शेवटच्या दिवशी त्यांनी खांद्यावर दावं टाकलं आणि चार कोस तुडवत माल्याला पोचले.

"बैल सुटलाय," ते दारातूनच म्हणाले. "हिकडं आलाय का बघतोय."

गोजराबाई सुपातले तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घावला. बसा पाटावर."

हैबतराव बसले. जरा वेळानं धीर करून म्हणाले, "औंदा सांगावा न्हाई धाडला, मामी?"

"मागल्या बारीला माझं धोंडं तुमी कुत्र्याला घातलं. खिडकीतनं बघितलं मी. म्हटलं, पाव्हण्यांना माझ्या हातचं आता ग्वाड लागंना."

हैबतरावांनी आ करून दाखवला. आत दोनच दात, एक वर, एक खाली, आणि त्यांची कधी भेट होत नव्हती.

"मंग तवाच का न्हाई सांगितलं?"

"बिनदाताचा जावई कोन ओवाळतंय?"

गोजराबाईंनीही आ केला. तिथं एकही नव्हता.

मग चुलीवर डाळ चढली. धोंडे उकडले, ओवाळणं झालं, आणि गोजराबाईंनी सगळे धोंडे परातीत कुस्करून वर दूध-तूप ओतलं. हैबतराव भुरके मारत जेवले. मागून गोजराबाईही तशाच जेवल्या.

निघताना गोजराबाईंनी नवं धोतर दिलं, वर दावं ठेवलं.

"पुढल्या धोंड्याला सांगावा धाडनार न्हाई," त्या म्हणाल्या. "बैल सोडून द्या नि या."