मुर्तिजापूरच्या पुढचा रस्ता

सायकलची शर्यत अमरावतीहून आकोल्यापर्यंत होती. सगळे एकदम सुटणार नव्हते. एकेकाला थोड्या थोड्या वेळानं सोडायचं आणि ज्याचा त्याचा वेळ घड्याळावर लावायचा. त्यामुळं शेजारी कोणी नाही, पुढं कोण, मागं कोण, याचाही पत्ता नाही. मला नेमकं तेच आवडलं होतं. साठ सालानंतरचे ते दिवस. मी बांधकाम खात्यात कारकून होतो, आणि घरी दोन खोल्यांत आमचा सगळा गोतावळा राहायचा. एकटं असणं म्हणजे काय, ते मला सायकलवरच कळायचं.

लग्नाला सहाएक महिने झाले होते. आमच्या समाजाच्या नव्या, बौद्ध पद्धतीनं, पांढऱ्या कपड्यांत, थोडक्यात झालेलं लग्न. पण बायकोशी निवांत बोलायला सवडच मिळाली नव्हती. चहा देताना ती ‘घ्या’ म्हणायची, जेवताना ‘आणू का?’ विचारायची, तेवढंच. तिचं माहेर आकोल्याचं. शर्यतीच्याच दिवशी तिनं माहेरी जायचं काढलं. आई म्हणाली, बरंच आहे, येताना सोबत या.

सायकल साधीच, काळी, जड. मडगार्ड, कॅरिअर आणि चेनकव्हर मी काढून ठेवलं होतं. हिवाळ्यातली सकाळ होती. बडनेरा मागं पडलं तरी धुकं उठलं नव्हतं. दोन्ही बाजूंची कडुनिंबाची झाडं एकेक करून धुक्यातून बाहेर यायची आणि मागं विरून जायची. कापसाच्या बैलबंड्या जिनाकडं, सरकी काढायला, निघाल्या होत्या. बाभळीच्या काट्यांना कापूस लागून राहिला होता, आणि वाटायचं, धुकंच तिथं अडकून बसलंय. पाय आपोआप फिरत होते. ते माझे आहेत, हेही मी विसरलो होतो.

एवढ्यात मागून एसटी आली. खिडकीत ती होती. तिनं हात वगैरे केला नाही, फक्त पाहत राहिली. मग बस धुक्यात शिरली, आणि मला शंका आली की आपण खरंच तिला पाहिलं का.

मुर्तिजापूरला ती रस्त्याच्या कडेला उभी होती. बसमधून उतरून माझीच वाट पाहत थांबली होती. मी न उतरता एक पाय टेकला. तिनं सोललेलं संत्रं हातावर ठेवलं, तांब्यातलं पाणी दिलं. पुढं निघालो तेव्हा बोटांना संत्र्याचा वास येत होता.

तिथून पुढचा रस्ता मात्र संपेना. धुकं गेलं, ऊन आलं, आणि समोरून वारा सुरू झाला. खाली मान घालून जोर लावावा तर सायकल जागची हलत नाही असं वाटे. लांबवर डांबर चकाकायचं, पाण्यासारखं. त्या पाण्यापर्यंत जायचं, मग थांबायचं, असं मी ठरवायचो, आणि पाणी पुढं सरकायचं. मधे दुसरी एसटी गेली. तिच्याकडं मान वळवायचंही त्राण नव्हतं. बोरगावच्या अलीकडं मांड्यांत गोळे आले. सायकल एका निंबाला टेकवली आणि सावलीत आडवा झालो. पानांतून ऊन हलत होतं. किती बरं वाटत होतं.

डोळे उघडले तर ती शेजारी बसलेली. त्या दुसऱ्या एसटीतून बोरगावला उतरली होती, मी येईना म्हणून उलटी चालत आली होती. मी म्हणालो, “मले नाही होत आता.”

“तं नका करू,” ती म्हणाली. “मागची बस येऊन राहिली. सायकल टपावर टाकू.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आग्रहही नव्हता. तिनं उरलेली दोन संत्री सोलली, एक मला दिलं, एक स्वतः खाल्लं. बिया ओंजळीत जमवत राहिली. मग रस्त्याकडं पाहत म्हणाली, “सकायी बसमधून तुमाले मांगून पाह्यलं. वळखूच नाही आले. घरी तुमी दबून रायता. सायकलवर तसे नाही दिसत.”

असं माझ्याकडं कोणी कधी पाहिलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. थोड्या वेळानं मी उठलो. उठणं चपला घालण्याइतकं सोपं नव्हतं. दोनदा खाली बसलो. ती हात द्यायला पुढं आली नाही. मी निघालो तेव्हा ती बसची वाट पाहत उभी होती.

आकोल्याला पोचलो तेव्हा माझ्यामागून सुटलेले कितीतरी जण येऊन चहा पीत बसले होते. घड्याळवाल्या गृहस्थांनी माझा वेळ वाचून दाखवला, आणि तो यादीत बराच खालचा निघाला. मला त्याचं काही वाटलं नाही. सासऱ्यांकडं गरम पाण्यानं पाय शेकले, पोटभर जेवलो आणि संध्याकाळपर्यंत मेल्यासारखा झोपलो.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं परतलो. सायकल गार्डाच्या डब्यात. बडनेऱ्याला उतरलो, तर अमरावतीला नेणारी दुसरी गाडी लागलेलीच होती. मी सायकल तिकडं वळवली. ती म्हणाली, “पायी जाऊ ना.”

मग सायकल हातात धरून आम्ही चालत निघालो. ती तिच्या शाळेचं सांगत होती, बहिणीचं सांगत होती. दोन सायकलवाले घंटी वाजवत पुढं गेले. आम्ही त्यांना जाऊ दिलं.