ताज्या पाण्याचा पेला

...तर पेला पोरीच्या ओठाला टेकत होता आणि हरेश्वरचा एक पाय अजून टांग्याच्या पायरीवर होता, इथे काल गोष्ट थांबली. आता पुढचं सांगायचं. पण पेल्याची गोष्ट खरं तर विहिरीपासून सांगायला हवी होती, आणि विहिरीची हरेश्वरपासून. घाईने सांगितलेली गोष्ट म्हणजे अर्धे शिजलेले वाल. पोटात जातात, अंगी लागत नाहीत.

हरेश्वर उमेळ्याचा. बापाचा जन्म मिठागरात गेला, तळपायांना चिरा पडून पडून पाय सुकलेल्या तळ्यासारखे झाले. ते पाय बघून पोराने ठरवलं, मिठात पाऊल घालायचं नाही. त्याने वसई रोड स्टेशनावर टांगा घातला. घोडीचं नाव चंद्री. घोडी तशी बेताचीच, पण हरेश्वरच्या जिभेला चार घोड्यांचा जोर. मुंबईहून आलेल्या माणसाला किल्ल्यात फिरवताना तो असा काही इतिहास सांगायचा की ऐकणाऱ्याने टोपी काढावी. एकदा गिरगावच्या एका वकिलाने त्याला धरलंच. म्हणाला, गेल्या साली तर किल्ल्यातलं भुयार ठाण्याला निघत होतं, यंदा घोडबंदरलाच कसं संपलं? हरेश्वर जराही अडखळला नाही. म्हणाला, यंदा पाऊस फार झाला, पुढचं बुजलं. वकील चार दिवस हसत होता आणि पुढच्या साली दोन कुटुंबं जास्त घेऊन आला.

त्या काळी दिवाळी सरली की मुंबईची माणसं हवापालटाला वसईला यायची. आजारातून उठलेला असो की नुसता थकलेला, डॉक्टर सांगायचे, जा महिनाभर, विहिरीचं पाणी पी, केळीच्या सावलीत बस. सांडोरला इनेझबायच्या वाडीत दोन खोल्या अशा पाहुण्यांसाठीच राखलेल्या असायच्या. बाय विधवा, बोलायला कमी, हाताला चव. तिच्याकडची एक रीत होती. पाहुणा आला की आधी खोलीत न्यायचं नाही, विहिरीवर न्यायचं. त्याच्या डोळ्यांदेखत ताजं पाणी उपसायचं आणि पेला हातात द्यायचा. शिळं पाणी, हंड्यातलं पाणी पाहुण्याला देणं म्हणजे त्याला दारातून परतवून लावणं. शेजारचा मधू त्याच पाहुण्यांना राजेळी केळ्यांची सुकेळी बांधून द्यायचा. त्यांच्या जिवावर अर्ध्या सांडोरचा हिवाळा जायचा.

आणि स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या साली, ऐन पावसाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली.

ती कशी आली नि काय करून गेली, ते सगळं सांगत नाही. एवढंच की आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला नको म्हणून बाकीचे टांगेवाले घोडी सोडून घरी बसले, आणि हरेश्वर बसला नाही. सकाळी बोलत असलेला माणूस दुपारी डोळे खोल जाऊन, ओठ सुकून, ओळखू येईनासा झालेला त्याने आपल्या टांग्यात पाहिला. एकदा नाही, कितीदा तरी. साथ ओसरल्यावर त्याने टांगा फिनेलने धुतला, गाद्या जाळून नव्या शिवल्या, चाकांना रंग दिला. काही उपयोग नाही. स्टेशनावर गाडी थांबायची, दोन-चार माणसं उतरायची आणि हरेश्वरचा टांगा सोडून चालत निघायची. मुंबईचं तर कुणी उतरेचना. दिवाळी गेली. इनेझबायच्या खोल्यांना कुलूप. मधूची सुकेळी टोपलीत काळी पडायला लागली.

तेव्हा हरेश्वर स्वतः उठून मुंबईला गेला. जुन्या पाहुण्यांची घरं त्याला पाठ होती. काखेत सुकेळीची बांधणी, हातात सोनचाफ्याची फुलं, आणि गिरगावातल्या चाळींचे जिने चढत सुटला. लोक फुलं घ्यायचे, चहा पाजायचे आणि यंदा नको म्हणायचे. शेवटी दिनानाथ मास्तरांच्या दारात बसला. मास्तर म्हणजे त्या चाळीचा शब्द. ते गेले तर मागून दहा बिऱ्हाडं जाणार, ते फिरले तर कुणी वसईचं नाव काढणार नाही. त्यांची नऊ वर्षांची मुलगी मुदतीच्या तापातून नुकतीच उठली होती, मानेची हाडं दिसत होती. हरेश्वरने सांगितलं, साथ गेली, हवा स्वच्छ आहे, आणि पाणी तर काय, पाणीच औषध. मास्तर म्हणाले, येत्या रविवारी येतो.

विहिरीला औषध चालू आहे, हे त्याने सांगितलं नाही. तिथेच सगळी गाठ पडली.

आरोग्य खात्याचा माणूस दर चौथ्या दिवशी विहिरीत लाल औषध टाकून जायचा. नाताळपर्यंत असं लालच पाणी प्या, नाही तर उकळून प्या, अशी सक्त ताकीद. गाव निमूट तसंच करत होतं. पण शनिवारी संध्याकाळी हरेश्वरने विहिरीत डोकावून पाहिलं, तर पाणी गुलाबाच्या सरबतासारखं. मास्तर विहिरीवर येणार, रीतीप्रमाणे पेला हातात घेणार, आणि हा रंग बघून आल्या पावली जाणार. त्याने मधूला गाठलं. दोघांनी मिळून असं डोकं चालवलं की त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं. रविवारी पहाटे इनेझबाय चर्चात मिसाला गेली, तशी त्यांनी मधूचा रेडा रहाटाला जुंपला आणि विहीर उपसायला घेतली. लाल पाणी पाटांतून केळींना गेलं, पानवेलींना गेलं. नऊच्या सुमाराला झऱ्याचं पाणी वर आलं, असं निवळ की तळचा कातळ दिसावा. मधू म्हणाला, हरेश्वर, आपण सरकारी नोकरीत पाहिजे होतो.

औषध नुसता रंग द्यायला टाकलेलं नसतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. येतं कुठून? जन्मभर त्यांनी पाण्याची परीक्षा डोळ्यांनीच केली होती.

दुपारच्या गाडीने मास्तर उतरले. बरोबर प्रमोदिनीबाई, मुलगी आणि एक ट्रंक. हरेश्वरने मुलीला उचलून पुढे आपल्या शेजारी बसवलं. माणिकपूर मागे पडलं, तसा समोरून सायकलवर व्हिन्सेंट आला, दवाखान्यातला कंपाउंडर. त्याने हात करून टांगा थांबवला, हरेश्वरला खाली उतरवून चंद्रीच्या तोंडापाशी नेलं आणि लगाम चाचपल्यासारखं करत हळूच सांगितलं, की गास गावात काल एक नवा रोगी सापडला. उद्या सगळ्या विहिरींना पुन्हा औषध. तोवर उकळल्याशिवाय थेंब नको. "तुमच्याकडे लालच आहे ना अजून?" एवढं विचारून उत्तराची वाट न बघता तो निघून गेला.

हरेश्वरच्या हातातला चाबूक जड झाला.

मागून मास्तरांनी विचारलं, काय म्हणत होता तो? हरेश्वर म्हणाला, घोडीच्या नालाचं काही तरी. हे खोटं त्याच्याच कानाला टोचलं. एरवी जीभ अशी चालणारा माणूस, त्या दीड मैलात त्याच्या तोंडून किल्ला निघाला नाही, भुयार निघालं नाही. डोक्यात एकच चक्र. इथेच सांगावं, तर मास्तर म्हणतील टांगा फिरव, आणि फिरवला की मधू, इनेझबाय, स्टेशनावरचे सगळे टांगेवाले, सगळ्यांच्या तोंडचा घास गेला. न सांगावं, तर? मग त्याने मनाशी तोड काढली. बायच्या चुलीवर हंडा असतोच. पोचल्या पोचल्या तिच्या कानात सांगायचं, उकळलेलं पाणी पुढे करायचं, कुणाला काही कळणार नाही. त्याने चंद्रीला पळवलं. मुलगी खुशीत येऊन म्हणाली, काका, अजून जोरात.

पण वाडीच्या फाटकातून टांगा आत शिरला तेव्हा मधू विहिरीच्या काठावर धुतलेला सदरा घालून उभा होता. टांग्याची घुंगरं लांबूनच ऐकून त्याने बादली वर ओढून ठेवली होती. शेजारच्या वाड्यांतली आठ-दहा माणसं पाहुणे बघायला जमली होती. मुलीला तहान लागली होती, तिने टांग्यातून खाली उडीच टाकली. प्रमोदिनीबाई मागून हसून म्हणत होत्या, हेच गं ते पाणी. हरेश्वर लगाम बांधून उतरतोय, एक पाय पायरीवर, तोवर मधूने पेला भरून पोरीच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. पाणी काचेसारखं होतं. तिने पेला ओठाकडे नेला.

हरेश्वरला तिचा चेहरा दिसेनासा झाला. दिसले ते पावसाळ्यात टांग्यातून नेलेले चेहरे.

तो कसा पोचला ते त्यालाही सांगता आलं नाही. त्याने पेला असा हिसकावला की पाणी पोरीच्या फ्रॉकवर सांडलं आणि पेला कठड्यावर आपटून लांब गेला. पोर आधी दचकली, मग रडायला लागली. टांगेवाल्याने पाहुण्यांच्या मुलीच्या तोंडचं पाणी ओढून घ्यावं, असं सांडोरने कधी पाहिलं नव्हतं. मास्तर पुढे आले. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

"प्यायलीस का गं?"

मुलीने मान हलवली. नाही.

मग हरेश्वरने सगळं सांगितलं. लाल औषध, रेडा, उपसलेली विहीर, व्हिन्सेंट, नालाची थाप, काही म्हणजे काही मागे ठेवलं नाही. सांगताना त्याची नजर कठड्याच्या दगडावर होती. ऐकणाऱ्यांत कुणी तरी दातओठ खाल्ले. मधू कडवटपणे म्हणाला, "अरे, गप उकळून दिलं असतंस तर कुनाच्या बापाला कळलं असतं?" इनेझबाय दारात आली होती, तिच्या हातात वाफाळत्या पाण्याची किटली. तिने क्रूसाची खूण केली, मधूकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला, आणि पोरीला पदराने पुसायला लागली. तिला विहीर उपसल्याचं पहिल्यांदाच कळत होतं.

मास्तर पुढे किती सालं आले, कुणाकुणाला घेऊन आले, ते सांडोरच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण त्या घटकेला त्यातलं काही ठरलेलं नव्हतं. ट्रंक टांग्यातच होती. चंद्री जुंपलेलीच होती. प्रमोदिनीबाईंनी मुलीचा हात घट्ट धरला होता आणि त्या फाटकाकडे बघत होत्या. सगळा गाव हरेश्वरकडे बघत होता, आणि त्या बघण्यात दया नव्हती.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "हरेश्वर, आमच्या दारात बसून तू या म्हणालास, म्हणून आम्ही आलो. आता तूच सांग. राहू, का जाऊ?"

हरेश्वरने मान वर केली.

"मास्तर, जायचं तर पाचची गाडी आहे, मी नेऊन सोडतो, भाडं घेनार नाय. ऱ्हायचं तर बायच्या किटलीतला पयला पेला माझी पोर सावित्री पिईल, तुमच्या डोळ्यांसमोर, आनि दुसरा तुमची लेक. या म्हनून सांगायला मी आलो, ऱ्हा म्हनून मी सांगनार नाय. पन ऱ्हायलात तर यंदा उकळलेलंच पानी मिळेल. ताजं पुढच्या साली."