विसाव्याचा दगड

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, जिथून धरणाचं पाणी दिसतं त्या वळणावर, एक सपाट दगड आहे. त्याला आता सगळे गवळणींचा दगड म्हणतात. अकोले गावच्या बाजाराला जाणाऱ्या गवळणी तिथे घागरी टेकवून दम खात, अशी पाटीही लावलेली आहे. ती गोष्ट मी रचली. दगड विसाव्याचा. स्मशानाकडे जाताना तिरडी तिथे टेकवायची, खांदेकरी बदलायचे आणि मग पुढे निघायचं. माझ्या आईला आणि वडिलांना, आबांना, तिथेच टेकवलं होतं.

पुण्याचं एक जोडपं शहराला कंटाळून कायमचं राहायला जागा शोधत आलं होतं. दगडाला लागून असलेलं आमचं भाताचं खाचर विकायचं होतं, म्हणून मीच दाखवायला गेलो. बाई चढण चढून दमल्या होत्या. दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "किती छान वाटतं इथे. कसला दगड हा?" खरं सांगितलं तर उठून जातील, असं वाटलं. तोंडात गवळणी आल्या.

माणसं चांगली निघाली. घरी बसून नोकरी करायची, गावच्या मुलांना इंग्रजी शिकवायची. बाई माझा रक्तदाब अजून मोजतात. त्यांच्यामागून तशीच आणखी घरं आली. आमच्या बायकांना स्वयंपाकाची कामं मिळाली, जीपवाल्यांना भाडी मिळाली, माझ्या पुतण्याने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. दगडाभोवती झाडं आली, दिवे आले. संध्याकाळी तिथे चहा आणि गप्पा, कधी गिटार. दगड कसला हे गावाला ठाऊक होतं, पण कोणी बोललं नाही. तिरड्या मात्र न थांबता जाऊ लागल्या. तसं कोणी ठरवलं नव्हतं.

यंदा माझे थोरले भाऊ गेले. आजारपणात दोनतीनदा म्हणाले होते, "मला आबांच्या जागेवर टेकवा." मी हो म्हटलं होतं. वळणावर पोचलो तर चहा चालला होता. मंडळी उठून उभी राहिली, हात जोडले. पुतण्या मडकं धरून पुढे होता. मागे न बघताच म्हणाला, "सरळ चला, काका. पाहुणे हायेत." खांदेकऱ्यांनी चालता चालताच खांदा बदलला. मीही सरळ चालत राहिलो.

तेरावं झाल्यावर बाईंना सगळं सांगितलं.

"तेव्हाच का नाही सांगितलंत, काका?"

"तुम्ही जागा घेतली नसतीत."

"घेतली असती," त्या म्हणाल्या. "तिथे चहा प्यायलो नसतो, इतकंच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटी काढून ठेवली. पुतण्याने ती पुन्हा लावायला नेली. मी गेलो तेव्हा तो खिळे ठोकत होता.

"लोकं ही पाटी बघून येत्यात, काका. आता कशाला उकरून काढता?"

"तुझ्या बापाचं राहून गेलं," मी म्हटलं. "माझं राहू देऊ नको. मला इथं टेकव."

तो खिळा बघत राहिला. "मग सकाळच्याला जावा. सकाळी इथं कोन नसतं."

मला हसू आलं. त्यालाही आलं. हो मात्र तो म्हणाला नाही.