मशीनच्या आतलं मशीन

आबांचा आवाज गेला त्या वर्षी मी संगणकात संगणक चालवायला शिकलो. या दोन गोष्टी मला अजून वेगळ्या करता येत नाहीत.

आबा म्हणजे माझे वडील. साताऱ्याच्या कोर्टाबाहेर लिंबाच्या झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसणाऱ्यांपैकी एक. अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रं. चौतीस वर्षं लोकांचं म्हणणं त्यांनी कागदावर उतरवलं. त्यांचे दोन नियम होते. कार्बन घातल्याशिवाय कागद चढवायचा नाही, हा पहिला. दुसरा असा, की पक्षकार खोटं सांगत असेल तर ते त्याच्या नावावर टाइप करायचं, पण स्वतःच्या सहीनं आपण कधी खोटं लिहायचं नाही. "पोटासाठी दुसऱ्याचं खोटं लय बडवलं," ते म्हणायचे, "आपलं एक न्हाई." हे सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची आणि आई तोंडाला पदर लावून हसायची.

नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मिरजेला ऑपरेशन झालं आणि त्यांचं स्वरयंत्र काढलं. मी सांगलीत एका संगणकाच्या क्लासमध्ये शिकवत होतो, म्हणून आई-आबा दोघांना माझ्याकडेच आणलं. आबांच्या गळ्याला भोक, हातात पाटी-पेन्सिल. उजवा खांदाही त्या ऑपरेशननं कामातून गेला होता; डॉक्टर म्हणाले, असं होतं. टाइपरायटरच्या कळा दाबायला जोर लागतो, तो त्या खांद्यात उरला नव्हता. मला त्या काळात काय वाटत होतं असं कुणी विचारलं, तर काही वाटत नव्हतं हेच खरं उत्तर. मी औषधं आणत होतो, क्लासला जात होतो, जेवत होतो. बधिर झालेल्या दाढेसारखं सगळं. जीभ लावून बघावं, तर दाढ आपली नाहीच.

एक दिवस आबांनी पाटीवर लिहिलं, "मला माझं लिहायचंय."

मी म्हटलं, "कसलं?"

त्यांनी पुसलं आणि पुन्हा लिहिलं. "लोकांचं झालं. आता माझं."

संगणकाची कळ हलकी असते. आबांना ती ठाऊकही होती. साताऱ्याला माझ्या जुन्या संगणकावर ते डॉसमधला मराठीचा एक प्रोग्राम वापरायला शिकले होते, कारण त्यातली अक्षरं टाइपरायटरच्याच जागी होती. पण ते जुनं मशीन बंद पडलं होतं, आणि सांगलीच्या नव्या मशीनवर मी क्लासच्या कामासाठी वेगळीच प्रणाली घातली होती. तिच्यावर आबांचा प्रोग्राम उघडतच नव्हता. नवीन मराठी फॉन्ट दिले, तर त्यांची अक्षरं भलत्याच कळांवर. आबांनी 'क' मारला आणि पडद्यावर दुसरंच काहीतरी आलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या पानात मीठ जास्त घातलंय. मग उठून गेले.

त्याच सुमारास एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर तो प्रोग्राम मला सापडला. तो तुमच्या संगणकाच्या आत दुसरा संगणक तयार करतो. खोटाच, पण आतल्याला ते कळत नाही. त्याला वाटतं, आपल्याला आपली डिस्क आहे, आपली मेमरी आहे, आपणच मालक. प्रत्यक्षात त्याची अख्खी डिस्क म्हणजे माझ्या डिस्कवरची एक फाइल. मला ती युक्ती आवडली. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा माझ्या पडद्यावरच्या एका चौकटीत काळा पडदा आला, मेमरी मोजली गेली, आणि फ्लॉपी मागितली. मी तीन फ्लॉप्यांवरून डॉस घातलं, मग आबांचा प्रोग्राम. सगळं त्या चौकटीत. चाचणी म्हणून एक फाइल उघडून मी त्यात लिहिलं: 'आबा, हे तुमचं मशीन.'

आबा आले, खुर्चीवर बसले, बोटं कळांवर ठेवली. अक्षरं जागच्या जागी. त्यांनी माझ्या दंडावर एक चापट मारली. एवढंच.

मग पाटी ओढली आणि लिहिलं, "कार्बन?"

मी हसलो. "आबा, कार्बन कशाला? हे आत साठतंय. कवाबी काढा."

तेव्हा मी असं हसलो होतो, हे मला नीट आठवतं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी दोनदा काहीतरी दाबलं आणि प्रोग्रामची कसलीशी फाइल उडाली. स्वतःचं काही लिहायच्या आधीच आबा घाबरले. मशीनकडं फिरकेनात. तेव्हा मी प्रोग्राम पुन्हा घातला आणि आतल्या मशीनच्या डिस्कला एक सोय लावली. ती लावली की मूळ डिस्कला हात लागत नाही; आत कितीही गोंधळ घाला, मशीन बंद केलं की सगळं पुसलं जातं आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यासारखं. माझ्या दृष्टीनं बेस्ट. आबांना म्हटलं, "आता काय बी दाबा. बिघडणार न्हाई." त्यांच्या लिखाणासाठी वेगळी डिस्क जोडायची, हेही माझ्या डोक्यात होतं. उद्या करू म्हटलं. मग आबा रोज बसायला लागले, आणि संध्याकाळी मी आतलं मशीन बंद करायचो नाही, नुसतं झोपवायचो. म्हणजे आहे त्या जागी गोठवायचं. सकाळी जागं केलं की कर्सरसुद्धा त्याच अक्षरापाशी लुकलुकत असायचा. रोज सगळं जागेवर मिळत होतं, म्हणून ती सोय मी साफ विसरलो.

आबा सकाळी न्हाऊन, देवाला फूल वाहून बसायचे, ते दुपारच्या जेवणापर्यंत. मागं कुणी उभं राहिलेलं त्यांना चालत नसे. पाटीवर लिहून ठेवलं होतं, "दसऱ्याला सोनं दिल्यावर वाचायचं. आधी नाही." एकदाच चहा ठेवताना माझी नजर पडली. 'लिंबाखाली पहिल्या दिवशी बसलो तेव्हा माझ्याकडे स्वतःची खुर्ची नव्हती.' आबांनी लगेच पडद्यापुढं हात धरला. रोज संध्याकाळी ते बोटांनी पानं सांगायचे. गणपती बसले तोवर वीस. सर्वपित्री अमावास्येला तीस, खंडेनवमीच्या तोंडावर चाळीस झाली. आई म्हणायची, "आवं, एवढं काय लिवताय? लग्नात बी एवढं बोलला न्हाई तुमी." आबा गालात हसायचे. त्या दिवसांत त्यांना ताप येत होता आणि डॉक्टरांचा चेहरा मला वाचता येत होता. लिहून आधी होतंय की आबा आधी जातायत, एवढंच आम्ही बघत होतो.

खंडेनवमी आली. आमच्या घरात त्या दिवशी अवजारं पूजेला मांडतात आणि दसऱ्यापर्यंत वापरत नाहीत. आईची विळी, कात्री, माझा स्क्रूड्रायव्हर, कोपऱ्यात आबांचा टाइपरायटर. साताऱ्याला लिंबाखाली सगळे टाइपिस्ट ही पूजा करत, आणि त्यांचा कडक नेम होता: मशीन रिकामं हवं. अर्धा टाइप केलेला कागद अडकलेलं मशीन पूजेला मांडायचं नाही. आबा आदल्या संध्याकाळी रोलरमधला कागद काढायचे, रिबिन उतरवायचे, तेल घालायचे. राहिलेला मजकूर दसऱ्यानंतर.

आईनं संगणकालाही झेंडूचा हार आणला होता. मी नेहमीसारखं आतलं मशीन झोपवलं, मग बाहेरचा संगणक बंद करू लागलो. आबांनी हात धरला. पाटीवर लिहिलं, "आतलं?"

"झोपवलंय, आबा."

त्यांनी मान हलवली. लिहिलं, "कागद अडकलाय. ते पण बंद कर."

आई म्हणाली, "खरं हाय की. आत जित्तं ठिवून पूजा करतूस व्हय?"

मी आतलं मशीन पुन्हा जागं केलं. आबांनी स्वतः त्यांची फाइल साठवली, प्रोग्राममधून रीतसर बाहेर पडले, पडद्यावर नुसता डॉसचा काळोख उरला. अगदी रिकामा रोलर. मग ते बाजूला झाले आणि मी चौकटीवरचं बंद करायचं बटण दाबलं. चौकटीत एक प्रश्न आला, मी तो वाचला नाही, 'हो' म्हटलं. आईनं हळद-कुंकू वाहिलं, निरांजन ओवाळलं. आबांनी हात जोडले.

दसऱ्याला संध्याकाळी आपट्याची पानं दिली. आबांच्या पाया पडलो. त्यांनी संगणकाकडं बोट केलं, आणि स्वतः खुर्ची घेऊन माझ्या शेजारी बसले. आईही येऊन मागं उभी राहिली.

मी मशीन चालू केलं. आतलं चालू केलं. प्रोग्राम उघडला. यादीत एकच फाइल होती. उघडली.

'आबा, हे तुमचं मशीन.'

मला तेव्हाच कळलं. एका क्षणात सगळं कळलं, ती सोय, ते 'हो', सगळं. आणि तरीही काही वाटलं नाही. माझे हात कळांवर होते आणि मी त्या हातांकडंच बघत होतो. मी म्हणालो, "काहीतरी बिघाड दिसतोय. उद्या बघतो."

आबा पडद्याकडं बघत राहिले. बऱ्याच वेळानं उठले आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

उद्या बघण्यासारखं काही नव्हतं. तरी मी आठवडाभर डिस्क चाळली, मदतीची पानं वाचून काढली. प्रत्येक पानावर तेच, साध्या शब्दांत: बंद केल्यावर बदल पुसले जातील. आबांना मी खरं सांगितलं नाही. बिघाड म्हणालो होतो, तेच राहू दिलं. पुन्हा लिहा, असंही म्हणालो, आणि वेगळी डिस्क जोडून दिली. आबांनी पाटीवर लिहिलं, "बघू." पण ते खुर्चीवर बसले नाहीत. नंतर बसण्यासारखे राहिले नाहीत. मार्गशीर्षात गेले.

तेराव्यानंतर आईनं एक पाकीट दिलं.

"तुला द्याय सांगितलं हुतं. ह्यो कार्यक्रम झाल्यावर."

आत दोन कागद होते. एक अस्सल, एक कार्बनची प्रत. टाइपरायटरवर केलेले. काही अक्षरं पुसट, काही कागद फोडून गेलेली.

मी विचारलं, "हे कवा केलं?"

"दिवाळीच्या आदी. तू क्लासला गेलास की. खांदा चालत न्हवता, मग ते अक्षर मारायचे आन् मी गाडी ढकलायची. एवढ्याला चार दीस लागलं." तिनं हातानं रोलर सरकवल्यासारखं करून दाखवलं. "काय लिवलंय? मला काय वाचता येतंय?"

मी वाचलं. मोठ्यानं.

"मी खाली सही करणार, धंदा टंकलेखन, राहणार सातारा, हल्ली मुक्काम सांगली, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, संगणकावरील माझा चाळीस पानी मजकूर नाहीसा झाला तो माझ्याच हातून चुकीचे बटण दाबले गेल्यामुळे. सदर बाबीत माझ्या मुलाची कोणतीही चूक नाही. त्याबद्दल त्याला कोणीही, त्याने स्वतःसुद्धा, दोष देऊ नये. वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे."

खाली सही. वाकडी, पण आबांचीच.

आईनं दोन्ही कागद माझ्या हातून घेतले. मग म्हणाली, "आन् बटण तर तू दाबलंस. मी मागंच हुते की."

"व्हय."

"मग ह्ये खोटं हाय."

"व्हय, आई."

तिनं कागदावरच्या सहीवरून बोट फिरवलं. तिला अक्षरं येत नाहीत, पण ती सही तिला ओळखता येते. "सही करून?" ती म्हणाली. "त्यांनी?"

तेव्हा मला रडू आलं. उन्हाळ्यापासूनचं सगळं एकदमच. आईनं मला रडू दिलं. नंतर अस्सल माझ्या हातात ठेवलं आणि कार्बनची प्रत घडी घालून स्वतःच्या ट्रंकेत ठेवायला घेऊन गेली.